आपल्याच बोडीतले मासे काचेतून पाहायला जाता? मग हे वाचून जा

आधीच सांगून ठेवतो, शार्क पाहायचे असतील, काचेच्या बोगद्यात सेल्फी काढायचा असेल तर हे तुमच्या कामाचं नाही. मी सांगून राहिलो ते आमच्या वैनगंगेच्या बाजूला एका गावात असलेल्या छोट्याशा मत्स्यालयाबद्दल. छोटं म्हणजे किती, तर तीन खोल्या, बावीस टाक्या, मागच्या अंगणात सिमेंटचे दोन हौद अन एकच माणूस, तोच तिकीट फाडतो, तोच मासे चारतो, तोच काच पुसतो. जीव बहुतेक इकडचेच, नदीतले, तलावातले, बोडीतले म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्यातले, धानाच्या बांधीतले. फक्त शेवटच्या खोलीत खाडीचं पाणी आहे, त्याची गंमत पुढं सांगतो. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, उद्या तिथं पन्नास गाड्या जाऊन उभ्या राहिल्या तर तो माणूस मलाच शिव्या देईल. अन तसंही अशी जागा कुठंही असली तरी पाहायची रीत तीच.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी अकरा मिनिटांत बाहेर आलो होतो. मासेच तर आहेत, त्यात काय पाहायचं! आमचं घर ढिवराचं, आज्याचं जाळं अजून माळ्यावर पडून आहे, मी मात्र मोबाईल रिपेअरिंगचं दुकान टाकून बसलो. मग दिवाळीनंतर मोठ्या मायला घेऊन गेलो, तिनं चाळीस वर्षं बाजारात बसून मासे विकले, अन तिच्यासोबत त्याच बावीस टाक्या पाहायला अडीच तास लागले. त्यानंतर मी चारदा जाऊन आलो, दोनदा तर एकटाच, दुकान बंद ठेवून.

तर पहिलं म्हणजे जायचं कधी. उन्हाळ्यात नका जाऊ. मे महिन्यात आमच्याकडं पारा ४५ ला टेकतो, कधी वरही जातो, अन पाणी तापलं की त्यात हवा कमी मुरते. २० डिग्रीच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, तेच ३५ डिग्रीला ७ वर येतो, त्यात लाईट गेली अन हवेचा पंप बंद पडला तर मासे वर येऊन आ वासून उभे राहतात. पाहणाऱ्याला वाटतं बिचारे उपाशी आहेत, मग कोणीतरी बिस्किट टाकतं. ते बिस्किट पाण्यात सडतं अन उरलासुरला ऑक्सिजनही खाऊन टाकतं. डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी उलटं, थंडीनं सगळे तळाशी गप पडून राहतात, जायचंच असेल तर अकरा-बारा वाजता, उन्हं वर आल्यावर. माझ्या मते पोळ्यापासून दिवाळीनंतरच्या पंधरवड्यापर्यंतचा काळ सगळ्यात बेस्ट, पावसाळ्यात नवीन जीव आलेले असतात, मासे तरतरीत असतात अन पाणीही स्वच्छ बसलेलं असतं.

शनिवार टाळा. हिवाळ्यात शाळांच्या सहली येतात, एकदा मी अशाच एका सहलीत सापडलो, ऐंशी पोट्टे अन तीन मास्तर, अन मास्तरच काचेवर टकटक करून दाखवून राहिले होते की बघा कसा पळतो! काचेवर मारू नका हे सगळीकडं लिहिलेलं असतं, पण काऊन ते कोणी सांगत नाही. माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंनी डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक टिंबांची रेघ असते, रोहूच्या अंगावर नीट पाहिली तर दिसते, त्या रेघेनं त्याला पाण्यातला हलकासा धक्काही कळतो. काचेवर टकटक म्हणजे तुमच्या डोक्यावर बादली ठेवून कोणी चमचा वाजवावा तसं.

निघायच्या आधी फोन करा, हे मी अनुभवानं सांगतो. एका सोमवारी ३८ किलोमीटर गाडी चालवत गेलो अन शटर खाली. अशा जागांना सोमवारी सुट्टी असते, कधी एकट्या माणसाच्या घरी लग्न असतं, कधी दिवसभर लाईट नसते. शटरवर रंगानं नंबर लिहिलेला असतो, पहिल्या खेपेलाच त्याचा फोटो काढून ठेवा. अन फोनवर दोन प्रश्न विचारा, लाईट आहे का, अन चारा किती वाजता टाकता. चारा टाकायच्या वेळेला पोचलात तर अर्धं काम झालं, कारण जे मासे दिवसभर दगडामागं दडून बसतात तेही त्या वेळी बाहेर येतात.

सोबत कोणाला न्यायचं हे सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या ओळखीत कोणी जाळं टाकणारं, मासे विकणारं, नाहीतर निदान पन्नास वर्षं मासे रांधणारं माणूस असेल तर त्याला गाडीवर मागं बसवा, तिकीट तुम्ही काढा. कारण पाटीवर लिहिलेल्या नावावर जाऊन चालत नाही. लहान जागेत काय होतं, एक टाकी फुटते, त्यातले मासे दुसऱ्या टाकीत जातात, पाटी मात्र जिथं होती तिथंच राहते. मोठी माय तिसऱ्याच टाकीसमोर थांबली अन म्हणाली, "हे रोहू कायचा? मिरगल व्हय ना हे. तोंड पाह्य त्याचं." तो तिकीटवाला धावत आला, त्यानं पाहिलं अन लाजून हसला. म्हणे, "बरोबर आहे जी, मागच्या हप्त्यात बदलले."

आता ते तोंड पाह्य म्हणजे काय ते सांगतो, कारण ही एक गोष्ट कळली की तलावात काय चालू असतं ते डोळ्यासमोर येतं. कतला, रोहू अन मिरगल हे तीन मासे आपल्या प्रत्येक तलावात सोडतात, बाजारात एकाच टोपलीत पडलेले असतात, आपण फक्त भाव विचारतो. टाकीत ते जिवंत फिरताना पाहा. कतल्याचं डोकं मोठं अन तोंड वरच्या बाजूला वळलेलं, खालचा जबडा पुढं, कारण तो वरच्या थरात खातो. रोहूचे ओठ जाडसर अन झालरीसारखे, तो मधल्या थरात. मिरगलचं तोंड खाली, तो तळाचा गाळ चाळतो. एकाच तलावात तिघं जेवतात अन कोणी कोणाच्या ताटात हात घालत नाही, म्हणूनच तिन्ही सोबत सोडतात. चारा टाकताना हे स्पष्ट दिसतं, धानाचा कोंडा अन शेंगदाण्याची ढेप कालवून केलेला गोळा खाली सुटला की वर कतला, मधे रोहू, अन जे खाली सांडलं ते मिरगलचं. दोन मिनिटांचा खेळ, पण त्यासाठी टाकीसमोर उकिडवं बसावं लागतं, उभ्यानं पाहिलं तर वरचा पृष्ठभाग चमकतो अन अर्धं काही दिसतच नाही.

बसायचंच आहे तर कपड्यांचंही सांगून टाकतो. गडद रंगाचा शर्ट घाला. मी एकदा पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, एका लग्नाहून तसाच, अन माझ्या सगळ्या फोटोंमधे मासा कमी अन माझा शर्ट जास्त. आत अंधार अन टाकीत उजेड, त्यामुळे पांढरं काहीही असलं की ते काचेत चमकतं. फोटोसाठी फोनची लेन्स काचेला अगदी टेकवा, थोडी तिरपी नको, सरळ, म्हणजे मधे उजेड शिरत नाही. फ्लॅश बंद म्हणजे बंद, ऑटोवर पण नको. माझा एकदा ऑटोवर राहिला होता, शिंगाड्याच्या टाकीसमोर लख्खकन उजेड पडला अन तो आडवा सुटला तो समोरच्या काचेवर आपटला, मिशी वाकडी झाली बिचाऱ्याची. तिकीटवाला काही बोलला नाही, नुसतं पाहिलं माझ्याकडं, त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं झालं असतं. अन आणखी एक, काच पुसायला स्वतःचा रुमाल काढू नका, त्यावर सेंट नाहीतर घाम असतो, टाकीच्या आत तर बोटही घालायचं नाही.

शिंगाड्यावरून आठवलं, आमच्या भंडारा-गोंदियाकडं शिंगाडा म्हटलं की दोन गोष्टी, एक मिशावाला मासा अन दुसरा पाण्यावर वेलाला येणारा, उकडून खायचा. दोन्ही एकाच तलावातले अन दोन्ही टोचतात. मासावाल्याच्या अंगाला खवलं नसतात, मिशा लांबच लांब, अन त्या नुसत्या शोभेच्या नाहीत, गढूळ पाण्यात तो मिशांनी चाचपून खाणं शोधतो. हा, वाम, मांगूर, सिंगी हे सगळे रात्रीचे गडी, दिवसा तुम्हाला पाईपच्या तुकड्यातून नुसतं तोंड दिसेल. वामीच्या टाकीसमोर लोक सगळ्यात कमी थांबतात, रिकामी टाकी आहे म्हणून पुढं जातात. तिथं रेती पाहा. रेतीतून एक टोकदार नाक वर आलेलं असतं, तेवढंच, बाकी अख्खी वाम खाली गाडून घेतलेली. मला ते नाक शोधायला सहा मिनिटं लागली, मोठ्या मायला सहा सेकंद. हळूच विचारून तिकीटवाल्यानं परवानगी दिली तर मोबाईलच्या टॉर्चवर लाल जिलेटिन पेपरची चार-पाच घडी धरून बाजूनं उजेड टाका, लाल उजेडाला हे मासे कमी बुजतात. पण विचारल्याशिवाय नको.

सिंगीच्या टाकीजवळ पोरांना सांगा की हिच्या दोन्ही बाजूच्या काट्यांत विष असतं, जाळ्यातून काढताना लागला तर हात रात्रभर ठणकतो. आमच्या घरात हे कोणाला शिकवावं लागत नाही. मांगूर पाहताना एक विचारून घ्या, देशी की थाई. तो थाई म्हणवला जाणारा मांगूर मुळात आफ्रिकेतला आहे, अवाढव्य वाढतो, दिसेल ते खातो, अन आपल्या देशात २००० सालापासून त्याच्या पालनावर बंदी आहे, तरी बाजारात मिळतो. दोन्हीचे फोटो शेजारी शेजारी लावलेले असतील तर नीट पाहून घ्या, पुढच्या बाजाराच्या दिवशी कामात येईल.

आता मरळ. तुमच्याकडं वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा अन मरळीच्या टाकीसमोर दहा मिनिटं बसा. सापासारखं चपटं डोकं, अंगावर काळपट पट्टे, अन ती काहीच करत नाही, नुसती पाण्यात लटकल्यासारखी उभी असते, फक्त बाजूचे पंख बारीक हलत राहतात. मग एकदम, कुठलीही घाई न करता, वर येते, नाक पाण्याबाहेर काढते, पट्ट असा एकदम लहान आवाज होतो, अन एक बुडबुडा सोडत परत खाली. ती श्वास घेऊन गेली. मरळीला कल्ले आहेत पण तेवढ्यावर भागत नाही, डोक्यात कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते, तिथं ती वरची हवा भरून घेते, म्हणून तर बोडी आटून चिखल झाला तरी मरळ जगते अन बाजारात ओल्या पोत्यात ठेवली तरी तासन्‌तास वळवळते. तिला वर येऊच दिलं नाही तर ती पाण्यात बुडून मरते, मासा असून! माझ्या भाच्याला मी मोबाईलवर टायमर लावून दिला, दोन पट्टच्या मधे किती वेळ जातो ते मोज. सात वर्षांचं पोट्टं, एरवी दोन मिनिटं एका जागी बसत नाही, ते तिथं वीस मिनिटं बसलं. पहिली वेळ चार मिनिटं काही सेकंद, दुसरी साडेसहा, तिसऱ्या वेळी त्याला शिंक आली अन मरळ वर येता येता वळली.

नशीब असेल अन पावसाळा असेल तर मागच्या हौदात मरळीची पिल्लं पाहायला मिळतात. पाण्यावर लालभडक-केशरी झुबका फिरताना दिसतो, शेकडो पिल्लं एका गोळ्यात, अन बरोबर खाली आईबाप. झुबक्याजवळ काहीही आलं तर अंगावर येतात. मोठी माय म्हणते तिच्या सासऱ्यानं तिला ताकीद दिली होती, झुबक्याखालची मरळ धरायची नाही. धरली तर? "त मंग झुबका बाकीचेच खाऊन टाकतेत ना बाप्पा, पुढच्या साली का खासीन?"

लहान टाक्यांकडं लोक पाहतच नाहीत, अन मला विचाराल तर माल तिथंच आहे. एका टाकीत काचेसारखा मासा असतो, बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा, आरपार दिसतो, मणक्याचा काटा न काटा मोजून घ्या. एका टाकीत पाण्यातला चपटा किडा, त्याच्या पाठीवर अंडी एकाशी एक चिकटवलेली, अन गंमत म्हणजे ती पाठ बापाची असते, मादी अंडी चिकटवून निघून जाते अन हा ती बाहेर येईपर्यंत घेऊन फिरतो. खेकडीण पोटाखालच्या झाकणात पिल्लं बाळगते. अन शिंपला, जो आपण दगड समजून लाथ मारतो, तो अर्धवट उघडून दिवसभर पाणी गाळत बसलेला असतो, एका फटीतून आत, दुसरीतून बाहेर. शिंपल्याची पिल्लं तर आणखी पुढची, जन्मल्यावर ती माशाच्या कल्ल्यांना नाहीतर पंखांना चिकटून काही दिवस फुकटात प्रवास करतात अन मग कुठंतरी दूर गळून पडतात. म्हणजे मासे गेले की शिंपलेही जातात. ही गोष्ट त्या तिकीटवाल्यानं सांगितली, तो मत्स्यशास्त्र शिकलेला निघाला, आम्ही त्याला उगाच तिकीटवाला म्हणत होतो.

त्यालाच विचारा तलावांचं. आमच्याकडचे मालगुजारी तलाव, म्हणजे मालगुजारांच्या, सारा गोळा करणाऱ्या जुन्या जमीनदारांच्या ताब्यातले, कोहळी समाजाच्या लोकांनी शे-दोनशे-तीनशे वर्षांपूर्वी बांधलेले, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हजारोंनी आहेत, अन त्या टाक्यांमधले बहुतेक जीव या तलावांतलेच. मालगुजारी गेली, तलाव सरकारकडं गेले, मग गाळ भरला, बेशरमची झाडी माजली, पाण्याखालचं गवत गेलं, अन गवत गेलं की अंडी घालायला जागा नाही. एका टाकीत मासे नाहीतच, नुसतं पाण्याखालचं गवत लावलेलं आहे, पोट्टे हसतात, रिकामी टाकी म्हणतात. तिथं पाच मिनिटं थांबा, पानांना चिकटलेली अंडी दिसतील, एवढे एवढे झिंगे दिसतील, मग रिकामी म्हणायची हिंमत होणार नाही.

बाहेरून आलेल्यांची एक रांग वेगळी असते. त्यात तिलापिया, १९५२ मधे आपल्या देशात आणलेला, मूळचा आफ्रिकेचा, मादी अंडी तोंडात धरून उबवते म्हणून काही केल्या संपत नाही. गप्पी मासे, आरोग्य खात्याचे लोक मच्छरांसाठी डबक्यात सोडतात तेच, मूळचे दक्षिण अमेरिकेचे. अन तो काळा खरबरीत सकर, जो लोक घरच्या टाकीत काच साफ करायला आणतात अन फूटभर झाला की नदीत नेऊन सोडतात, वर पुण्य केल्यासारखं तोंड करून. तसं करू नका. घरचा नकोसा मासा मत्स्यालयात देणगी म्हणूनही नेऊ नका, त्याच्यासोबत रोग जातो. अन घरी येताना कासवाचं पिल्लू बोडीतून उचलून आणलं, मुलांना आवडतं, असले उद्योग तर अजिबात नको, आपलं मऊ पाठीचं कासव १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्याच रांगेत, ते पाळणं गुन्हा आहे. एखाद्या मत्स्यालयात ते दिसलं तर परवानगी आहे का हे विचारायला लाजू नका.

आता शेवटची खोली. दारावर लिहिलेलं, निमखारं पाणी. पहिल्यांदा मला हसूच आलं, समुद्र इथून कुठल्या कुठं, अन हे खाडी दाखवून राहिले! मचूळ पाणी पाहायचं तर अकोला-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरीवर जा, नाहीतर लोणारला. पण लोणारचं प्रकरण वेगळं, ते पाणी खारट अन वर सोड्यासारखं, २०२० च्या जूनमधे गुलाबी झालं होतं, तेही मिठात जगणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळं. खाडीचं पाणी म्हणजे नदी अन समुद्राची मिसळ. समुद्राच्या एका लिटरात ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ, चहाचे सहा-सात चमचे म्हणा, अन खाडीत त्यापेक्षा कमी, भरती-ओहोटीनं सतत बदलतं. टाकीत हे सांभाळणं कटकटीचं आहे, पाणी उडतं पण मीठ उडत नाही, म्हणून आमच्या उन्हाळ्यात रोज मोजून साधं पाणी टाकावं लागतं, नाहीतर लोणचं होईल.

अन ही खोली इथं काऊन, तर झिंग्यामुळं. गोदावरी खोऱ्यातला जो मोठा नदीचा झिंगा, त्याची पिल्लं गोड्या पाण्यात वाढतच नाहीत, त्यांना मचूळ पाणी लागतं. मादी अंडी घेऊन खाली जाते, पिल्लं खाडीच्या बाजूला वाढतात अन मग परत नदी चढतात. आता वाट पाहा, वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते, गोदावरी पार आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. भिंतीवर हा नकाशा रंगवलेला आहे अन मधे जिथं जिथं धरण नाहीतर बॅरेज आहे तिथं काळी आडवी रेघ. मोठी माय त्या रेघांसमोर बराच वेळ उभी होती. तिला नकाशा वाचता येत नाही, मी बोट ठेवून सांगितलं, हे आपलं गाव, हा समुद्र. ती म्हणाली, "एवढे मोठे झिंगे यायचे," अन कोपरापासून हात दाखवला, थोडं वाढवून सांगत असेल, "मले वाटे लोकायनं खाऊन संपवले."

त्या खोलीत निवट्या आहेत, कोकणातून आणलेल्या, अन भाच्याला मरळीनंतर आवडलं ते हेच. मासा असून चिखलावर चालतो, पुढच्या पंखांवर कोपर टेकल्यासारखा, डोळे डोक्याच्या अगदी वर, अन मधेच एक डोळा आत ओढून ओला करून परत बाहेर काढतो. अंग सुकलं की चिखलात लोळून घेतो, म्हशीसारखा. इथं आवाज एकदम कमी ठेवा, जरा सावली पडली तरी बिळात जातो अन मग पंधरा मिनिटं बाहेर येत नाही. भिंतीला टेकून, टाकीपासून दोन हात दूर बसा. अन बाहेर निघताना त्या तिकीटवाल्या भाऊला सांगा की राज्यमासा २०२३ मधे पापलेट ठरला, आपल्या मरळीचं नाव कोणी घेतलं नाही, तो या विषयावर अर्धा तास बोलतो, चहा पण पाजतो.

निघायच्या आधी एक करा. पाट्यांवर माशांची नावं पुस्तकातली असतात, तुमच्या गावात काही वेगळं म्हणत असतील तर त्याला सांगा, गावाचं नाव सांगून. त्याच्याकडं एक दोनशे पानी वही आहे, मोठ्या मायनं त्यात अकरा नावं लिहून घेतली, म्हणजे ती बोलली अन त्यानं लिहिली, एका नावावर दोघांचं भांडणही झालं. पैशाची पेटी ठेवलेली असते, तिकिटाइतके तरी टाका, हवेच्या पंपाचं बिल तिकिटातून निघत नाही.

जेवणाचं म्हणाल तर बाहेर चौकात वांगे-झिंगे मिळतात. आत्ताच जिवंत पाहिलेले कसे खायचे असं भाचा म्हणाला अन त्यानं नुसता वरणभात खाल्ला, मोठ्या मायनं दोन वाट्या रस्सा मागवला अन तिखट कमी आहे म्हणाली. परतीची एसटी साडेचारला, ती चुकली तर पुढची थेट साडेसहाला, आमची चुकली. मग गावच्या तलावाच्या पाळीवर जाऊन बसलो. सांज व्हायला लागली की पाण्यावर एकेक गोल उठतो, आवाज ऐकू येत नाही इतक्या दुरून, नुसता गोल. मोठ्या मायनं बसल्याबसल्या सात मरळी मोजल्या, मला तीनच दिसल्या, भाचा म्हणतो नऊ होत्या.